काचेच्या तारेमागचे दप्तर



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत वसंत ऋतूला शोभतील असे विषय पुष्कळ होतात. आम्ही मात्र आज जमाखर्चाचा, वहीखात्याचा विषय घेऊन उभे आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आता भिंतीला भोक पाडून एक बारीक काचेची तार आलेली आहे. त्या एकाच तारेवर टेलिफोन चालतो, इंटरनेट चालते आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्र दिसते. तीन सेवा, एक तार, एक बिल! जाहिरातीत हे वाक्य फार गोड लागते. पण ते खरे ठरते की नाही, हे तारेवर अवलंबून नसते. ते अवलंबून असते कंपनीच्या दप्तरावर. दप्तर म्हणजे मुलांच्या पाठीवरचे नव्हे. पेशवे दप्तर आपण ज्या अर्थाने म्हणतो त्या अर्थाचे. कोण, कोठे, काय घेतो, केव्हापासून घेतो आणि त्याचे किती देणे लागतो, याची नोंद ठेवणारे दप्तर. आता ते कागदाचे नसून संगणकात असते, एवढाच फरक.

तार हा शब्द आम्ही सवयीने वापरतो. खरे तर तो केसाइतका काचेचा तंतू असतो. चार्ल्स काव यांनी इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ साली असे मांडले की, काचेतला मळ काढून टाकता आला तर तिच्यातून प्रकाश दूरवर नेऊन संदेश पाठविता येतील. त्यांची अट अशी की, एक किलोमीटर गेल्यावर निदान शेकडा एक भाग प्रकाश उरला पाहिजे. त्या वेळच्या काचेत तेवढाही उरत नसे. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी ती मर्यादा गाठली, आणि आजच्या चांगल्या तंतूत किलोमीटरभर गेल्यावर शेकडा पंचाण्णव भाग प्रकाश शिल्लक असतो. काव यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काचेचे काम हे असे झाले. त्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

आता तांब्याची जुनी गोष्ट आठवा. पूर्वीच्या टेलिफोनला तांब्याच्या दोन तारांची एक जोडी असे. एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत ती जोडी आपली एकट्याची. वाटेत खांबावर, रस्त्यावरच्या पेटीत ती दुसऱ्या जोडीला जोडलेली असे; पण शेवटी हात लावून दाखविता येईल अशी ती वस्तू होती. वहीतली नोंद चुकली तरी जाणता लाइनमन एका टोकाला सूर सोडून दुसऱ्या टोकाला कान लावी आणि शेकडो जोड्यांतून नेमकी तेवढी जोडी हुडकून काढी. वही खोटी निघाली तरी तार खरे सांगत असे.

काचेच्या जाळ्यात हे उरलेले नाही. केंद्रातून निघालेला एक तंतू रस्त्यावरच्या पेटीत ‘स्प्लिटर’ नावाच्या तुकड्यात शिरतो आणि त्याचा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या तुकड्याला वीज लागत नाही, त्यात यंत्र नाही, अक्कलही नाही. केंद्राकडून निघालेला संदेश त्या ३२ही घरांत सारखाच पोचतो. प्रत्येक घरातली डबी आपल्या नावाचा तेवढा उचलते आणि बाकीचा सोडून देते. उलट दिशेने सगळ्या डब्या पाळीपाळीने बोलतात, आणि ती पाळी सेकंदाच्या अगदी लहानशा भागाची असते. आपल्या जिल्ह्यात बागलाणाकडे फडाचे पाणी ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच उमजेल. पाट एकच, कोणाच्या वावरात केव्हा आणि किती वेळ पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने ठरवायचे. पाटात पाणी भरपूर असले तरी पाटकऱ्याच्या हिशेबात ज्याची पाळी नाही त्याचे पीक कोरडेच राहणार.

काचेच्या जाळ्यातला पाटकरी म्हणजे दप्तर. घरातल्या प्रत्येक डबीला बारा अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो क्रमांक अमक्या ग्राहकाचा, तो ग्राहक अमक्या पेटीतल्या अमक्या फाट्यावर, त्याला इतका वेग, हा टेलिफोन क्रमांक, ही चित्रसेवा, असे जेव्हा दप्तरात लिहिले जाते तेव्हाच त्या डबीला आपल्या नावाचा संदेश येऊ लागतो. ती नोंद पुसली की तंतू जागच्या जागी असून, प्रकाश डबीपर्यंत येत असून, घरात काही नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर आपण पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीनही आपली ठरत नाही, हे या सभेत कोणाला समजावून सांगायला नको. तांब्याच्या काळात दप्तर हे सेवेचे वर्णन होते. काचेच्या काळात दप्तर हीच सेवा आहे. आम्हांला आज जे सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच, आणि त्यातून काय काय निघते ते पाहायचे आहे.

हा बदल नाशिकने एकदा डोळ्यांनी पाहिला आहे. त्याला आपण तेव्हा निराळे नाव दिले, एवढेच. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लोगल्ली केबलवाले उभे राहिले. गच्चीवर छत्री, गच्चीवरून गच्चीवर लोंबणाऱ्या काळ्या तारा, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागायला येणारा पोरगा. त्या केबलवाल्याचे दप्तर म्हणजे खिशातली एक वही, आणि त्याहून मोठे दप्तर त्याच्या डोक्यात. कोणत्या वाड्यात कोणती तार गेली, कोण दोन महिने गावी गेला आहे, कोणाकडे यंदा पैसे मागू नयेत, हे सगळे त्याला तोंडपाठ. तुमची तार तुटली तर रात्री दहाला शिडी घेऊन तो येत असे. पण वरच्या कंपनीला आणि सरकारला तो जो आकडा सांगे, तो त्या डोक्यातल्या दप्तरातला नसे! वाहिन्यांचे पैसे जोडणीमागे द्यायचे, करमणूक कर जोडणीमागे भरायचा. मग तीनशे घरांची शंभर घरे होत, यात नवल ते काय? सगळ्या देशात हीच रीत होती.

केबल दूरचित्रवाणीच्या सक्तीच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती, आणि त्यांत आपले नाशिक होते. मुदत ३१ मार्च २०१३ ची. त्या वेळी लोकांना सांगण्यात आले की, चित्र स्वच्छ दिसेल आणि वाहिन्या जास्त मिळतील. ते खोटे नव्हते. पण त्या डबीचे, म्हणजे सेट-टॉप बॉक्सचे, खरे काम चित्र स्वच्छ करणे हे नव्हते. प्रत्येक घराला एक क्रमांक देणे हे होते. घरोघर फॉर्म भरून घेतले गेले, डबीचा क्रमांक नावासमोर चढला, आणि जे दप्तर गल्लीतल्या एका माणसाच्या डोक्यात होते ते वरच्या कंपनीच्या संगणकात गेले. चोरीला आळा बसला, ही गोष्ट चांगली झाली. पण त्याबरोबर रात्री दहाला शिडी घेऊन येणाऱ्याच्या हातातली किल्लीही गेली. आता त्याला डबी चालू करायची तर कंपनीच्या संगणकाला विनंती करावी लागते. आम्ही जुन्या रीतीचे गोडवे गात नाही. मात्र वही संगणकात गेली तेव्हा गल्लीचे ज्ञान सगळेच्या सगळे तिच्याबरोबर गेले, असे कोणी समजू नये. ‘गावी गेला आहे’ या नोंदीसाठी त्या फॉर्मात रकानाच नव्हता.

त्यानंतर सहा वर्षांनी दप्तराची दुसरी परीक्षा झाली. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धती लागू झाली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जाळ्याचे भाडे १३० रुपयांपर्यंत, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. आणि पैशाच्या वाहिन्या ज्याने त्याने निवडून घ्यायच्या. कल्पना न्यायाची होती. परंतु काल जेथे चार-पाच ठरावीक संच होते तेथे आज प्रत्येक घराची यादी निराळी झाली! कोट्यवधी याद्या एकदम लिहून घ्यायला दप्तरे तयार नव्हती. अखेर निवड करण्याची मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली. आपल्याला त्या दिवसांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य ऐकावे लागले असेल. सर्व्हर बिचारा निमित्तमात्र. दर ठरविताना दप्तर कोण लिहिणार याचा विचार मागून झाला, हे त्याचे मराठी भाषांतर.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. जिओची फायबर सेवा ५ सप्टेंबर २०१९ रोजी व्यापारी रीतीने सुरू झाली. बीएसएनएल, एअरटेल आणि इतर अनेक लहानमोठ्या कंपन्याही टेलिफोन, इंटरनेट आणि चित्रसेवा एकत्र बांधून देतात. ग्राहकाने ‘हो’ म्हटले की मागे काय घडते? आधी पत्ता पाहायचा. पत्ता हे आमच्या मते सगळ्यांत अवघड काम. नव्या वसाहतीत प्लॉट नंबर असतो; जुन्या नाशकात ‘मारुतीच्या देवळासमोरचा वाडा, मागच्या जिन्याने वर’ हा पत्ता असतो, आणि पोस्टमनला तो पुरतो, संगणकाला पुरत नाही. मग जवळच्या पेटीत मोकळा फाटा आहे का ते बघायचे, डबी द्यायची, तिचा क्रमांक नोंदवायचा, टेलिफोनचा क्रमांक द्यायचा आणि तो टेलिफोनच्या केंद्रात चढवायचा, इंटरनेटचा वेग लावायचा, आणि चित्रसेवा तर पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची, तिच्या दप्तराला कळवायचे की, या मोबाइल क्रमांकाच्या माणसाला आजपासून दार उघडा. शेवटी बिल सुरू करायचे. यांतले एक पाऊल अडले तर मागची सगळी परत फिरवायची, किंवा निदान बिल तरी थांबवायचे. प्रत्यक्षात बिलाचे पाऊल अडल्याचे फारसे ऐकिवात नाही!

ही पावले वेगवेगळ्या खात्यांत पडतात, आणि प्रत्येक खात्याची वही वेगळी. टेलिफोनचे दप्तर जुने, इंटरनेटचे त्यानंतरचे, चित्रसेवेचे पाहुण्याच्या घरचे. बाहेरून बिल एक दिसते म्हणून आत वही एक आहे असे नसते. आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने पंचवटीतून इंदिरानगरला बिऱ्हाड हलविले. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. इंटरनेट नव्या घरी आले. टेलिफोनचा क्रमांक दप्तरात जुन्या घरीच राहिला. आणि चित्रसेवा वडिलांच्या मोबाइलवर नोंदलेली होती, ते वडील वर्षापूर्वी वारले होते आणि तो क्रमांक बंद झाला होता. तीन तक्रारी केल्या, तीन क्रमांक मिळाले, आणि तीनही तक्रारी ‘दोष आढळला नाही’ असे म्हणून बंद झाल्या. गंमत पाहा, तिघेही खरे बोलत होते. टेलिफोनच्या वहीप्रमाणे टेलिफोन जुन्या घरी नीट चालू होता. चित्रसेवेच्या वहीप्रमाणे खाते चालू होते. दोष कोणत्याच वहीत नव्हता; दोन वह्यांच्या मधल्या जागेत होता, आणि त्या जागेला कारकून नेमलेला नव्हता. तीन आठवड्यांनी एका मुलीने, कचेरीत नवीन लागलेल्या, तिन्ही पडदे शेजारी शेजारी उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला.

आपल्याकडचा जुना पेढीवाला हे जाणून होता. त्याच्याकडे कीर्द असे, खतावणी असे, आणि रोज दिवा लागल्यावर दोन्हींचा ताळा पाहिल्याशिवाय तो गादीवरून उठत नसे. दमडीचा फरक निघाला तरी तो शोधायचा. दमडीसाठी नव्हे, वही खरी राहावी म्हणून. काचेच्या जाळ्याला हाच रोजमेळ लागतो. दप्तरात जितक्या डब्या चालू, तितक्या केंद्राला प्रत्यक्ष दिसतात का? पेटीतला जो फाटा वहीत मोकळा आहे, तो खरोखर मोकळा आहे का? ज्याचे बिल निघते त्याला तिन्ही सेवा मिळतात का? कंपन्या असा ताळा मुळीच पाहत नाहीत, असे नाही. सेवा चालू आहे आणि बिल नाही, असा माणूस शोधायला त्या फार तत्पर असतात; त्यात त्यांचे पैसे गळतात. बिल चालू आहे आणि सेवा नाही, हा माणूस शोधायची घाई कोणाला नसते. दोन्ही माणसे एकाच ताळ्यात सापडतात. फक्त यादीच्या दुसऱ्या टोकाकडे बघायचे असते.

वही खोटी कशी होते, हेही सांगितले पाहिजे. बहुधा लबाडीने नव्हे, घाईने होते. लाइनमनला दिवसात बारा तक्रारी उरकायच्या असतात. पेटी उघडली, एका फाट्यात प्रकाश कमी दिसला, शेजारचा मोकळा होता. त्याने तार इकडून काढून तिकडे खोचली. ग्राहकाचे काम पाच मिनिटांत झाले. बदल वहीत चढवायला मोबाइलवर सहा पडदे उलटावे लागतात, आणि त्याचे त्याला पैसे मिळत नाहीत. त्याने ते केले नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्याला तोच फाटा वहीत मोकळा दिसतो, आणि तिसऱ्याचीच जोडणी तुटते. याचा दोष त्या लाइनमनच्या माथी मारणे आम्हांला मान्य नाही. जोडणीला पैसे आणि नोंदीला शून्य, असा हिशेब ज्यांनी बसविला त्यांनी वही खोटी करायचीच व्यवस्था केली.

नियामकाचे मोजमापही शेवटी याच दप्तरातून होते. ट्रायच्या २००६ च्या नियमांत ब्रॉडबँडचा बिघाड तीन कामाच्या दिवसांत जवळजवळ सगळ्यांचा दुरुस्त व्हावा, अशी अपेक्षा होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून टेलिफोन आणि ब्रॉडबँड यांची एकत्रित नवी नियमावली लागू झाली. नियम चांगले आहेत. पण घड्याळ तक्रार नोंदली की सुरू होते आणि तक्रार बंद केली की थांबते; आणि ती बंद करणारा हात कंपनीचाच असतो. ‘दोष आढळला नाही’ असे लिहिले की, घरात अंधार असला तरी अहवालात उजेड पडतो.

एकत्र बांधलेल्या सेवेत पैशाचीही एक गाठ आहे, ती थोडक्यात. हजार रुपयांच्या बिलात इंटरनेटचे किती आणि करमणुकीचे किती? ग्राहकाला वाटेल, मला काय त्याचे. पण सरकारला परवाना शुल्क कोणत्या उत्पन्नावर द्यायचे, यावर टेलिफोन कंपन्या आणि सरकार वर्षानुवर्षे भांडले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सरकारच्या बाजूने निकाल दिला तेव्हा मोठमोठ्या कंपन्या हादरल्या. उत्पन्न कशाला म्हणायचे, हा शब्द दप्तराचाच आहे.

आता रस्त्यावर या. २०१५ च्या सिंहस्थानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. सिंहस्थ म्हटला की रस्ते, पूल, गटारे, आणि खोदाई. खोदणारा एक, तंतू दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा. जमिनीखाली कोणाचे काय आहे याची वही एकत्र नसेल तर जेसीबीचा दात हाच सर्वेक्षण अधिकारी ठरतो. केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाची सोय सुरू केली. खोदण्यापूर्वी कळवा, म्हणजे ज्याचे तंतू आहेत त्याला निरोप जाईल. उत्तम सोय. पण निरोप कोणाला पाठवायचा हे ठरायला तंतू कोठे पुरला ते आधी कोणीतरी लिहून ठेवलेले हवे. ठेकेदाराने नकाशात दाखविली ती डावी बाजू आणि प्रत्यक्ष पुरला ती उजवी, असे झाले तर सोयीचा काय उपयोग?

शहरात निदान ओरडणारे लोक असतात. खेड्यात काय होते ते पाहू. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा तंतू न्यायचा, या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यात बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड या तीन कंपन्यांनी तंतू टाकले, मालकी बीबीएनएल या चौथ्या कंपनीची, आणि दुसऱ्या टप्प्यात आपल्या राज्यात महाआयटीने महानेट म्हणून काम घेतले. किती किलोमीटर टाकले त्याचे आकडे दर वर्षी छापून आले; तंतू टाकणे दिसते, त्याचे छायाचित्र निघते. पण ग्रामपंचायतीतली डबी बंद पडली तर ती कोणाच्या वहीत, हे ग्रामसेवकाला सांगता येत नसे. वीज गेली म्हणून बंद, की तंतू तुटला म्हणून, की कोणी नोंदच केली नव्हती म्हणून? अनेक ठिकाणी काच पोचली आणि सेवा पोचली नाही. २०२२ साली बीबीएनएलचे बीएसएनएलमध्ये विलीनीकरण करण्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तंतू सरळ रेषेत न नेता कड्यासारखा फिरवून आणायचा आहे, म्हणजे एका बाजूने तुटला तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल. ज्याने बांधायचे त्यानेच दहा वर्षे देखभालही करायची आहे. आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडणी द्यायची आहे. कड्यापेक्षाही ती दहा वर्षांची देखभाल आम्हांला महत्त्वाची वाटते. ज्याला दहा वर्षे सांभाळायचे आहे तो पहिल्या दिवशी वही नीट लिहितो.

आपल्या हातात काय आहे, असे कोणी विचारील. थोडेसे आहे. तक्रार केली की तिचा क्रमांक मिळालाच पाहिजे, असा २०१२ पासून ट्रायचा नियम आहे. समाधान झाले नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य जाता येते, आणि त्याने एकोणचाळीस दिवसांत निकाल द्यायचा असतो. फार थोडे लोक तेथपर्यंत जातात. तीन सेवांची तक्रार असेल तर तीन क्रमांक घेण्यापेक्षा एकाच तक्रारीत तिन्ही सेवा लिहून घेण्याचा आग्रह धरावा. म्हणजे ती दोन वह्यांच्या मधल्या जागेत पडत नाही. आणि घरी गेल्यावर ती डबी उलटी करून पाहा. बुडाला एक चिठ्ठी चिकटविलेली असते, तिच्यावर बारा अक्षरांचा क्रमांक छापलेला असतो. तो एका वहीत उतरवून ठेवा. त्याखाली घराचा पत्ता, टेलिफोनचा क्रमांक, आणि चित्रसेवा ज्या मोबाइलवर नोंदली आहे तो क्रमांक लिहा. पुढच्या वेळी कंपनीशी बोलताना, तिच्या दप्तरात या चारही गोष्टी याच आहेत का, तेवढे प्रथम वाचून दाखवायला सांगा.